ऑर्डर ते डिस्पॅच: कंपनीतला एसओए प्रकल्प आखायचा आणि तडीस न्यायचा कसा

मध्यम आकाराच्या कंपनीत सॉफ्टवेअर एकदम येत नाही, थरावर थर चढत जातात. आधी टॅली येतं, मग ईआरपी (खरेदी, विक्री, साठा, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर), मग गोदामासाठी बारकोडची प्रणाली, मग डीलरसाठी मोबाइल ॲप. प्रत्येक नवा पाहुणा जुन्यांशी आपापली जोडणी करून घेतो. कुठे रात्री दोनला आपोआप चालून एक्सेल फाइल उचलणारा जॉब असतो, कुठे दुसऱ्याच्या डेटाबेसमध्ये थेट डोकावणारी क्वेरी, तर कुठे चक्क एक माणूस एका स्क्रीनवरचा आकडा वाचून दुसऱ्या स्क्रीनवर टाइप करत बसलेला असतो. सहा प्रणाली एकमेकींशी थेट जोडायच्या म्हटल्या तर जोड्या होतात १५, आणि त्यातली एक बदलली की किती ठिकाणी ठिणग्या उडतील हे कुणीच सांगू शकत नाही.

एसओए, म्हणजे सेवाधारित रचना, या गुंत्याला एक नियम लावते: प्रत्येक काम एका सर्व्हिसकडे (तेच काम करणाऱ्या स्वतंत्र प्रोग्रामकडे), सर्व्हिसला एकच ठरलेलं दार, आणि त्या दाराशिवाय आत शिरायला कुणालाही मनाई. फसलेले बहुतेक प्रकल्प एकाच जागी फसतात. कुठली माहिती कुणाच्या मालकीची हे ठरायच्या आधीच कोड सुरू होतो.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण धरलं आहे. वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, कारखाना चाकणला, गोदामं नागपूर आणि कोल्हापूरला. डीलरची ऑर्डर येते, माल राखून ठेवला जातो, बिल बनतं, जीएसटीच्या पोर्टलवरून आयआरएन (बिलाचा सरकारी नोंदणी क्रमांक) मिळतो, ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद) निघतं आणि ट्रक फाटकातून सुटतो. पैसा, माल, सरकारी पोर्टल आणि वाहन हे सगळं या एका प्रवाहात येत असल्यामुळे एसओएची खरी परीक्षाही इथेच होते.

आधी विचारा: गरज आहे का?

दोन-तीनच प्रणाली असतील आणि ईआरपीच्या विक्रेत्याकडे तयार मोड्यूल मिळत असेल, तर ते घ्या आणि विषय संपवा. सर्व्हिस एकदा बनवली की ती कायम सांभाळावी लागते. निदान चार-पाच जणांची कायमची टीम पोसायची तयारी नसेल तर या वाटेला जाऊ नये. २००० नंतरच्या दशकात अनेक मोठ्या कंपन्यांनी महागडे एंटरप्राइझ सर्व्हिस बस (सगळ्या प्रणालींना मधून जोडणारं सॉफ्टवेअर) विकत घेतले आणि जुन्या कारभाराला हातही लावला नाही. जानेवारी २००९ मध्ये बर्टन ग्रुप या संशोधन-सल्ला कंपनीच्या ॲन थॉमस मेन्स यांनी एसओएचं मरण जाहीर केलं ते याच पार्श्वभूमीवर. रचना मेली नव्हती, पण उत्पादन विकत घेऊन रचना येत नाही हे उघड झालं होतं.

पहिले दोन आठवडे: एका ऑर्डरचा माग काढा

संगणक बाजूला ठेवा. विक्री, गोदाम, अकाउंट्स आणि डिस्पॅच या चारही विभागांतला प्रत्यक्ष काम करणारा माणूस एका खोलीत बसवा. व्यवस्थापक बसवले तर काम कसं व्हायला हवं ते ऐकायला मिळतं, कसं होतं ते नाही. गेल्या महिन्यातल्या १० खऱ्या ऑर्डरी घ्या. त्यात दोन परत आलेल्या, एक अर्धवट पाठवलेली आणि एक बिल रद्द झालेली हवीच. प्रत्येक टप्प्यावर तीन गोष्टी लिहा: कोण टाइप करतो, आकडा कुठून घेतो, आणि चुकला तर कुणाला फोन करतो. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात बहुतेक वेळा खरा मालक सापडतो.

मग माहितीची यादी करा: ग्राहकाचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक), दर, सवलत, उधारीची मर्यादा, साठा, बिल क्रमांक, वाहन क्रमांक. प्रत्येकीपुढे एकच प्रणाली आणि एकाच माणसाचं नाव. दोन नावं आली तर यादीवर सही घेऊ नका.

भांडण हमखास साठ्यावरून होतं. ईआरपी म्हणतं एका भागाचे ४०० नग आहेत, बारकोड यंत्रणा म्हणते ३७२. दोघंही खरं बोलत असतात. २८ नग रॅकवरून उचलून लोडिंगच्या जागी ठेवले आहेत, त्यांचं बिल अजून झालेलं नाही. उरलेल्या ३७२ पैकी ६० दुसऱ्या ऑर्डरीसाठी राखीव आहेत. म्हणजे डीलरच्या ॲपवर दिसायला हवेत ३१२. ‘साठा’ या एका नावाखाली तीन वेगळे आकडे लपले होते: पुस्तकी साठा, रॅकवरचा साठा आणि विकण्याजोगा साठा. यांना वेगळी नावं आणि वेगळे मालक दिल्याशिवाय साठ्याची सर्व्हिस लिहायला घेतली, तर ती पहिल्याच महिन्यात बदनाम होते आणि गोदामवाले पुन्हा एक्सेलवर जातात.

सर्व्हिस कशी कापायची

कापायची ती कामानुसार. डेटाबेसच्या टेबलांनुसार किंवा आज कुठलं सॉफ्टवेअर आहे त्यानुसार कापू नका. आपल्या प्रवाहाला सहा पुरतात: ग्राहक, दर, साठा, ऑर्डर, बिल, वाहतूक. विभागप्रमुखाला एका वाक्यात सर्व्हिसचं काम सांगता आलं पाहिजे, ही पहिली कसोटी. दुसरी कसोटी अशी, की धंद्याचा एखादा नियम बदलला, समजा सणासुदीची सवलत आली, तर शक्यतो एकाच सर्व्हिसला हात लागावा. दोन सर्व्हिस दर वेळी जोडीनेच बदलाव्या लागत असतील तर त्या एकच आहेत. भिंत पाडा.

बारीक चिरण्याचा मोह टाळा. जीएसटीआयएनची १५ अक्षरं तपासायला वेगळी सर्व्हिस लागत नाही, छोटी लायब्ररी (तयार कोडचा तुकडा) पुरते. प्रत्येक सर्व्हिस म्हणजे नेटवर्कवरची एक उडी, आणि उडी चुकू शकते. पाच सर्व्हिस एकामागून एक लागणार असतील आणि प्रत्येक ९९.५ टक्के वेळ चालू असेल, तर साखळी चालू राहते साधारण ९७.५ टक्के वेळ. ३० दिवसांच्या महिन्यात हे जवळजवळ १८ तास बंद. प्रत्येक ९९.९ टक्क्यांवर नेली तर साडेतीन तासांच्या आसपास. म्हणून पहिल्या वर्षात सहा ते आठ सर्व्हिस, त्याहून जास्त नकोत.

कोडच्या आधी काँट्रॅक्ट

काँट्रॅक्ट म्हणजे सर्व्हिसला काय पाठवायचं आणि काय परत मिळेल याचा लेखी करार. प्रत्येक सर्व्हिसचं दार कसं दिसेल हे ओपनएपीआयच्या (अशा करारासाठीच्या ठरलेल्या मांडणीच्या) फाइलीत लिहा, फाइल गिटमध्ये (आवृत्त्या जपणाऱ्या प्रणालीत) ठेवा आणि जो ती सर्व्हिस वापरणार आहे त्याच्याकडून तपासून घ्या. इथे बारकावे सोडले तर पुढे महिनोन्महिने निस्तरावे लागतात:

- रक्कम पैशांत आणि पूर्णांकात ठेवा. १,२४९.५० रुपये म्हणजे १२४९५०. दशांशाचा फ्लोट (संगणकाने अंदाजे साठवलेला आकडा) वापरला की बेरजेत एक-दोन पैशांचा फरक निघतो आणि अकाउंट्स विभाग पूर्ण सर्व्हिसवर अविश्वास दाखवतो.
- नगाबरोबर एकक पाठवा. ‘१०’ म्हणजे दहा नग की दहा बॉक्स हे समोरच्याने ओळखायचं नसतं.
- तारीख आत सगळीकडे वर्ष-महिना-दिवस आणि वेळेला +०५:३० (भारतीय वेळेची खूण). ई-इन्व्हॉइसच्या (बिलांच्या ऑनलाइन सरकारी नोंदणीच्या) पोर्टलला मात्र दिवस/महिना/वर्ष असा क्रम लागतो. हा बदल फक्त बिल सर्व्हिसच्या बाहेरच्या कडेला करा, बाकीच्यांना त्याचा पत्ताही लागू नये.
- बिल क्रमांक १६ अक्षरांच्या आत, सुरुवात शून्य, तिरकी रेघ किंवा डॅशने नको, इंग्रजी अक्षरं कॅपिटल. हे काँट्रॅक्टमध्येच अडवलं तर पोर्टलकडून नकार येण्याची वाट बघावी लागत नाही.

चुकांचे तीनच प्रकार ठेवा. एक, ‘तुमची चूक’: पुन्हा पाठवून उपयोग नाही. दोन, ‘आमची अडचण’: थोड्या वेळाने पाठवा. तीन, ‘झालं की नाही कळत नाही’: पुन्हा पाठवण्याआधी विचारा. तिसरा प्रकार बहुतेक काँट्रॅक्टमध्ये नसतोच, आणि सगळ्यात महाग तोच पडतो.

नवं फील्ड वाढवणं चालतं. फील्ड काढायचं, नाव बदलायचं किंवा अर्थ बदलायचा असेल तर नवी आवृत्ती काढा आणि जुनी सहा महिने शेजारी चालू ठेवा.

संध्याकाळी साडेसातला फाटकाशी काय होतं

ट्रक भरलेला आहे, ड्रायव्हरला रात्रीच नागपूरकडे निघायचं आहे. ऑपरेटर बिलाचं बटण दाबतो. बिल सर्व्हिस पोर्टलला विनंती पाठवते, पोर्टल आयआरएन बनवतं, पण उत्तर परत येताना कनेक्शन तुटतं. स्क्रीनवर ‘टाइमआउट’. ऑपरेटर पुन्हा बटण दाबतो. आता ‘डुप्लिकेट आयआरएन’, कोड २१५०. घाबरून तो नव्या क्रमांकाचं दुसरं बिल बनवतो, त्याला आयआरएन मिळतो, ट्रक सुटतो.

आता एकाच मालाची दोन बिलं पोर्टलवर आहेत. जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या जीएसटी विवरणपत्रात) दोन्ही उतरतात. आयआरएन पोर्टलवर रद्द करता येतो तो २४ तासांच्या आत, आणि त्यावर चालू ई-वे बिल असेल तर आधी ते रद्द करावं लागतं. मुदत उलटली की सहसा क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) काढावी लागते. रद्द केलेल्या बिलाचा क्रमांकही पुन्हा वापरता येत नाही.

आयआरएन हा विक्रेत्याचा जीएसटीआयएन, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि क्रमांक यांच्यापासून बनलेला ६४ अक्षरांचा हॅश (माहितीवरून गणिताने काढलेला ठसा) आहे. तोच क्रमांक पाठवला की तोच आयआरएन, म्हणून पोर्टल डुप्लिकेट ओळखतं. २१५० ही खरं तर चांगली बातमी आहे: पहिली विनंती पोचली होती. त्या उत्तरातच आधीचा आयआरएन आणि पोच क्रमांक मिळतो. सर्व्हिसने तो घ्यायचा, पोर्टलकडून सही केलेला क्यूआर मागवायचा आणि बिल ‘पूर्ण’ करायचं. ऑपरेटरला ही चूक दिसण्याची गरजच नाही.

हीच शिस्त आतल्या सर्व्हिसना लावा:

१. बटण दाबलं की एकदाच एक ओळख-किल्ली (त्या कामाचा स्वतःचा क्रमांक) बनवा आणि प्रत्येक पुनर्प्रयत्नात तीच पाठवा. दर प्रयत्नाला नवी किल्ली बनवणं ही नेहमीची चूक, मग किल्लीला अर्थ उरत नाही.

२. घेणाऱ्या सर्व्हिसने ती किल्ली युनिक इंडेक्ससह (म्हणजे तीच किल्ली दोनदा साठवली जाणार नाही), प्रत्यक्ष कामाच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकतर पूर्ण होणाऱ्या नाहीतर मुळीच न होणाऱ्या नोंदीत) साठवावी. किल्ली वेगळी आणि काम वेगळं साठवलं तर मधल्या क्षणी सर्व्हर बंद पडला की दोन्हींत तफावत.

३. बिल साठवलं आणि संदेशांच्या रांगेत (जिथून दुसरी सर्व्हिस खबर उचलते) संदेश टाकायच्या आत प्रक्रिया मेली, तर बिल आहे पण वाहतूक सर्व्हिसला खबर नाही. म्हणून संदेशही त्याच डेटाबेसच्या एका टेबलात, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा. वेगळी प्रक्रिया तो उचलून रांगेत टाकेल. ती कधीतरी दोनदा टाकेल, तेव्हा घेणाऱ्याने दुसरा संदेश मुकाट सोडून द्यावा.

४. पुनर्प्रयत्न ५, १५, ६० सेकंद असे वाढत्या अंतराने, थोडी इकडेतिकडे भर घालून. नाहीतर पोर्टल परत उभं राहताच तुमच्या ३०० विनंत्या एकाच सेकंदाला आदळतात.

५. आयआरएनसाठी ऑपरेटरला ताटकळत ठेवू नका. बिलाला ‘आयआरएनची वाट’ ही अवस्था द्या आणि फाटकावरच्या पडद्यावर हिरवा किंवा लाल रंग दाखवा. वॉचमनला जेएसओएन (प्रोग्रामांमधली माहितीची मांडणी) वाचायचं नसतं.

ई-वे बिल आयआरएनच्या विनंतीतच वाहतुकीचा तपशील भरून काढता येतं, एक फेरी वाचते. त्याचे नियम कोडमध्ये गाडू नका. मालाची किंमत ५०,००० रुपयांवर गेली की ई-वे बिल लागतं, पण महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे. कोल्हापूरहून सांगलीला आणि कोल्हापूरहून बेळगावला जाणाऱ्या मालाला वेगळा नियम. वैधता २०० किलोमीटरला एक दिवस. २०२१ च्या आधी ती १०० किलोमीटरला एक दिवस होती. ई-इन्व्हॉइसच्या सक्तीची उलाढाल मर्यादाही ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटी होती, ती ऑगस्ट २०२३ पर्यंत ५ कोटींवर आली. जी गोष्ट सरकार अधिसूचनेने बदलू शकतं ती सेटिंगमध्ये ठेवायची, आणि कुठल्या तारखेपासून लागू हा रकाना सोबत हवाच.

माल राखला, बिल झालं, पण आयआरएन नाकारला गेला तर? सगळं एका ट्रान्झॅक्शनने मागे फिरवता येत नाही, कारण डेटाबेस वेगवेगळे आहेत. प्रत्येक टप्प्याची उलटी क्रिया आधीच लिहून ठेवा: राखीव माल मोकळा करणं, बिलाला उलटी नोंद. उलटी नोंद म्हणजे डिलीट नव्हे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग ठेवणं बंधनकारक आहे, आणि लेखापरीक्षक तो बघतात.

बस, गेटवे वगैरे

यावर बैठका फार होतात, फरक कमी पडतो. एक एपीआय गेटवे (सर्व्हिसकडे जाणाऱ्या सगळ्या विनंत्यांचं एकच फाटक) आणि एक संदेशांची रांग एवढ्यावर सुरुवात होते. एकच गोष्ट सांभाळा: मधल्या नळीत धंद्याचे नियम घालू नका. ‘कोल्हापूरच्या डीलरला दोन टक्के जास्त’ हा नियम गेटवेच्या कॉन्फिगरेशनमध्ये सापडला, की दर सर्व्हिसच्या मालकाला आपलाच दर समजेनासा होतो.

माणसं, कंत्राट आणि वेळ

पहिल्या प्रवाहासाठी ढोबळ हिशेब: धंद्याच्या बाजूने निर्णय घेणारी एक व्यक्ती (अर्धवेळ नको), एक आर्किटेक्ट, चार ते सहा डेव्हलपर, दोन टेस्टर आणि सर्व्हर-देखरेखीला एक. कालावधी सात ते नऊ महिने. त्यातला जवळपास तिसरा हिस्सा ग्राहक आणि भागांची मास्टर माहिती साफ करण्यात आणि चाचणीत जातो. वेळापत्रकात हा हिस्सा दिसत नसेल तर ते वेळापत्रक नाही, इच्छा आहे. सर्व्हिसच्या सीमा आणि टीमच्या सीमा जुळवा. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलं आहे, की संस्थेत संवाद जसा वाहतो तसंच तिचं सॉफ्टवेअर बनतं.

बाहेरच्या कंपनीला काम देत असाल तर कंत्राटात चार गोष्टी लिहूनच घ्या: सोर्स कोड तुमच्या गिटमध्ये रोजच्या रोज, काँट्रॅक्टच्या फाइलींची मालकी तुमची, लॉग (प्रणालीच्या कामाच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) तुमच्या खात्यात, आणि पैशांचा शेवटचा हप्ता जुनी जोडणी बंद झाल्यावर. हा शेवटचा मुद्दा वाटाघाटीत सगळ्यात आधी गळतो. गळू देऊ नका.

नवी सर्व्हिस लगेच मालकीण करू नये. आधी तिला सावलीत चालवा. खरी माहिती तिच्याकडे जाते, ती आकडे काढते, पण निर्णय जुनीच प्रणाली घेते. रोज सकाळी दोन्ही आकड्यांच्या फरकाचा तक्ता निघावा आणि प्रत्येक फरकापुढे कारण लिहिलेलं असावं. किमान एक महिनाअखेर असं काढा, कारण महिनाअखेरीला जे होतं ते एरवी होतच नाही. मग सर्वात लहान गोदाम, इथे कोल्हापूर, आधी वळवा. दोन आठवडे शांततेत गेल्यावर नागपूर, शेवटी चाकण.

तारीख निवडताना अकाउंट्सचं कॅलेंडर समोर ठेवा. महिन्याची ११ तारीख जीएसटीआर-१ ची, २० जीएसटीआर-३बी ची (कर भरण्याच्या विवरणपत्राची). २५ मार्च ते १० एप्रिल हा काळ पूर्ण वर्ज्य. आर्थिक वर्ष बदलतं, बिलांची मालिका नव्याने सुरू होते. दसरा-दिवाळीच्या आधीचे तीन आठवडेही सोडा. १२ ते १८ या तारखांमधला मंगळवार उत्तम. शुक्रवारी वळवणाऱ्यांचा शनिवार-रविवार ऑफिसातच जातो.

चालू झाल्यावर

एका ऑर्डरीला सुरुवातीलाच एक माग-क्रमांक द्या आणि तो सहाही सर्व्हिसच्या लॉगमध्ये उतरू द्या. डीलरने फोन केला की एका शोधात पूर्ण प्रवास दिसला पाहिजे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत, ठरावीक सायबर घटना ६ तासांत कळवायच्या आहेत आणि सर्व्हरची घड्याळं प्रमाण वेळेशी जुळवायची आहेत. घड्याळं जुळलेली नसतील तर लॉगमध्ये बिल ऑर्डरीच्या आधी झालेलं दिसतं आणि दोष शोधणारा भलत्याच दिशेला जातो.

पडद्यावर ४० आलेख नकोत, चार आकडे पुरेत: १५ मिनिटांहून जास्त वेळ आयआरएनची वाट बघणारी बिलं, रांगेतून बाजूला पडलेले (पुनर्प्रयत्नांनंतरही न पोचलेले) संदेश, रॅकवरचा आणि सर्व्हिसमधला साठ्याचा फरक, आणि ऑर्डर ते बिल लागणारा वेळ. वेळेची सरासरी काढू नका, शंभरातल्या सर्वात संथ पाच ऑर्डरी बघा. प्रत्येक आकड्यापुढे मर्यादा आणि फोन कुणाला जाणार त्याचं नाव. बाजूला पडलेल्या संदेशांची रांग रोज रिकामी व्हायला हवी. ती तुंबली तर ट्रक गेलेला असतो आणि हिशेबाला त्याचा पत्ता नसतो.

आठवड्यातून एक तास सर्व्हिसच्या मालकांची बैठक ठेवा. विषय दोनच: कुठलं काँट्रॅक्ट बदलतंय आणि कोण नव्याने वापरायला येतंय. सर्व्हिस वापरणाऱ्यांच्या नोंदवहीत नाव नसलेल्या वापरकर्त्याला गेटवेने दारातच थांबवावं.

जुनी जोडणी बंद करणं

हे काम राहून जातं आणि मग दोन्ही व्यवस्था सांभाळायचा खर्च वर्षानुवर्षं चालतो. रात्री दोनचा जॉब आणि डेटाबेसमधल्या थेट क्वेरी कोण वापरतं ते लॉगमधून काढा, तोंडी उत्तरावर विसंबू नका. यादीतल्या प्रत्येकाला नवं दार दाखवा. मग आधी कळवून एका कामाच्या दिवशी दोन तास जुना रस्ता बंद करा. ज्यांचं नाव यादीत नव्हतं ते लगेच फोन करतात. पुढच्या आठवड्यात पूर्ण दिवस बंद ठेवा आणि नंतर डेटाबेसची परवानगी काढा. जॉब मात्र फक्त थांबवा आणि त्याची फाइल एप्रिल संपेपर्यंत ठेवा, कारण वर्षअखेरच्या साठा-पडताळणीचा रिपोर्ट वर्षातून एकदाच चालतो आणि तो कुणाच्याच यादीत नसतो.